कार्बोरेटरचे कान

बार्शीला जायचं म्हणजे आम्हाला सरकार ओलांडून जावं लागे. बार्शी इंग्रजांची, आम्ही कळंबचे लोक निजामाचे, आणि मधे करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे जकात. नाकेदार मोटार थांबवायचा, ट्रंका उघडायला लावायचा आणि नवं दिसेल त्यावर बोट ठेवायचा. अंगावरच्या मालाला मात्र तो हात लावत नसे, तसा दस्तूरच पडून गेला होता. त्यामुळं आमच्याकडच्या बायका बार्शीला एक लुगडं नेसून जात आणि येताना एकावर एक दोन नेसून येत. पुरुष जुने जोडे तिकडं टाकून नवे घालून येत. ऐन वैशाखात दोन कोट चढवून घामानं निथळत मोटारीतून उतरलेले एक गृहस्थ मी या डोळ्यांनी पाहिलेत. याला आम्ही 'अंगावर आणणं' म्हणत असू, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मलाही कधी वाटलं नाही. माझा गळा कापला गेला तो याच चालीनं, आणि कापणारे होते माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. निदान बरेच दिवस मी तसं समजत होतो.

माझ्याकडं तेव्हा एक जुनी विलायती मोटरसायकल होती. बदली होऊन गेलेल्या एका अंमलदाराकडून ती घेतलेली. एका सिलेंडरची, अंगानं सडपातळ, आणि आवाज असा की मी गावाच्या शिवेवर आलो की बाजारातले लोक म्हणत, टपाल आलं. कारण त्या गाडीवर मी रेल्वे स्टेशनावरून कळंबला टपालाची थैली आणत असे. त्या कामाचा मक्ता माझ्याकडं होता. पूर्वी थैली बैलगाडीनं यायची आणि पत्र दुसऱ्या दिवशी हातात पडायचं. मी ती कचेरी उघडायच्या आत आणून टाकायचो. लढाईचे दिवस होते. कुणाचा मुलगा फौजेत, कुणाचा भाऊ मुंबईच्या गोदीत, त्यामुळं टपालाची वाट बघणारी माणसं कचेरीच्या ओट्यावर आधीच येऊन बसलेली असत. मक्त्यामुळं मला पेट्रोलचा परवाना होता. मक्ता गेला की परवाना गेला, आणि परवाना गेला की गाडी म्हणजे परसातलं लोखंड. दुसरा कुठला धंदा मला येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरा कुठला धंदा मला नकोही होता.

लढाईनं विलायतेचे पार्ट बंद केले. माझ्या गाडीची चेन सैल पडली होती आणि मागचं दातेरी चक्र झिजून त्याचे दात सुयांसारखे झाले होते. चढावर चेन उडायची. बार्शीत एक कारखाना असे पार्ट नकलून बनवतो, हुबेहूब, अशी बातमी दाजींनीच आणली. दाजींचं गाव स्टेशनाला लागून. थैली घ्यायला गेलो की आक्काच्या हातचा चहा घेतल्याशिवाय मी कधी परतलो नाही. आई मी लहान असतानाच गेली. मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत बसवलं, मारलं, जेवू घातलं ते आक्कानं. तिच्या लग्नात बोहल्यावरही मी तिचा शालू धरून उभा होतो आणि लोक हसत होते.

दाजींच्या गोठ्यात माझ्याच गाडीच्या बनावटीचा एक सांगाडा पडलेला होता. कुठल्याशा जमीनदाराकडून त्यांनी तो भंगारात उचललेला. त्याला चाकं होती, इंजिन होतं, कार्बोरेटर नव्हता.

"तुमाला कशाला हे धूड?" मी विचारलं होतं.

"मला कशाला? तुझ्याच गाडीला उद्या कायतरी लागंल म्हणून घेतलंय," दाजी म्हणाले.

मला भरून आलं होतं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

नवी चेन आणि नवं चक्र पिशवीतून आणलं तर नाकेदार सोडणार नाही. पण गाडीला बसवून आणलं तर तो गाडीच्या अंगावरचा दागिना. म्हणून गाडीच बार्शीला न्यायची, तिथं पार्ट चढवायचे आणि तिच्यावर बसून परत यायचं, असं ठरलं. मला जाता येईना, कारण थैलीची जबाबदारी माझी. त्या दिवशी मी टांगा केला आणि दाजी माझी गाडी घेऊन बार्शीला गेले. आक्काही त्याच दिवशी सर्व्हिस मोटारीनं बार्शीच्या भगवंताच्या दर्शनाला गेली. मला वाटलं, बरं झालं, बाई कधी घराबाहेर पडत नाही.

संध्याकाळी दाजी परतले. चेन चकचकीत, चक्र चकचकीत, आणि कार्बोरेटरही चकचकीत. तो बदलायचं काही ठरलं नव्हतं.

"ह्यो कशाला बदलला?"

"अरे, जुना फुटला व्हता की! बार्शीच्या मिस्त्रीनं दावलं मला. एखाद्या दिशी रस्त्यातच पेट घेतला अस्ता. देवानंच वाचवलं म्हण."

"मग जुना कुठं हाय?"

"टाकला तिथंच. पिशवीत घेऊन आलो अस्तो तर नाकेदारानं आजून धा गोष्टी इचारल्या अस्त्या."

नाक्याचा उल्लेख निघाला की आमच्याकडं कुणी पुढं विचारत नाही. मीही विचारलं नाही. उलट दोन्ही हात जोडून आभार मानले.

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. त्याला दोन बाजूंना दोन कान असतात, प्रत्येक कानाला एक भोक. इंजिनाच्या डोक्यातून दोन खुंट्या बाहेर आलेल्या असतात, त्या या भोकांत शिरतात आणि वरून नट आवळतात. एवढंच ते बसणं. पण विलायतेच्या माणसानं त्या दोन भोकांमधलं अंतर जे ठरवलं होतं, ते बार्शीच्या माणसानं अंदाजानं ठरवलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढा फरक. तो लपवायला बार्शीच्या मिस्त्रीनं भोकं कानशीनं घासून लांबट केली होती. त्यामुळं नट कितीही आवळला तरी कार्बोरेटर इंजिनाला घट्ट चिकटेना. सांध्यातून हवा शिरायची. सपाटीला गाडी बरी चाले, चढ लागला की शिंका देऊ लागे, आणि उभी करायला जावं तर बंद पडे. एकदा बंद पडली की लाथा मारून पाय सुजत.

मी सांध्यात चामड्याची चकती घातली. पेट्रोलनं ती आठवड्यात पापडासारखी झाली. मग जुन्या फायलीचा पुठ्ठा तेलात भिजवून घातला, तो बरा टिकला. लांबट भोकावर नट नीट बसावा म्हणून भोकाचे पैसे, म्हणजे मधे भोक असलेली नाणी, वायसर म्हणून वापरले. त्या काळी नव्यानं निघालेले ते पैसे बाजारात चालले नाहीत तेवढे आमच्या गाड्यांत चालले. सांधा थोडा सुधारला तर दुसरंच दुखणं उभं राहिलं. नव्या कार्बोरेटरची मान बोटभर लांब होती, त्यामुळं त्याचं भांडं चौकटीच्या नळीला टेकायचं. ते टेकू नये म्हणून जरा तिरकं बसवलं, तर तिरक्या भांड्यातून पेट्रोल ठिबकायला लागलं. परवान्याचं पेट्रोल माझ्या डोळ्यांदेखत धुळीत जात होतं.

तिकडं चेनची वेगळी तऱ्हा. चक्र मूळच्यापेक्षा जाड, त्यामुळं चेन एका अंगाला सरकून मडगार्डला घासायची. मडगार्ड कापलं. मग चिखल चेनवर उडायला लागला, म्हणून पत्र्याचा पडदा केला. तो पडदा ब्रेकच्या सळईला अडायला लागला, म्हणून सळई वाकवली. सळई वाकवली म्हणून ब्रेक लागेना. नकली पार्टाची हीच खोड असते. तो स्वतः बदलत नाही, आजूबाजूच्या सगळ्या असली पार्टांना आपल्यासारखं वाकडं करून घेतो.

आणि या सगळ्या खटाटोपात दाजी माझ्या शेजारी उकिडवे बसलेले असायचे. पाना हातात द्यायचे, वारा घालायचे, कानस चालवायचे.

"बसंल रे, बसंल," ते म्हणायचे. "लोखंड हाय, माणूस न्हाय. घासलं की बसतंय."

मला त्यांचा केवढा आधार वाटायचा! बाजारात मी सांगत फिरलो की दाजी मिळावे तर असे.

थैलीला उशीर होऊ लागला. पहिल्यांदा ओट्यावरचे लोक काही बोलले नाहीत. मग एक म्हातारी, जिचा मुलगा फौजेत होता, माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू पत्र मीच दाबून ठेवलंय. टपालाचे मुन्शी सभ्य माणूस, उर्दूमिश्रित गोड बोलायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मियाँ, गाडी का कुछ बंदोबस्त करो. वरून हुकूम आला तर माझा इलाज चालणार नाही."

मी बंदोबस्त करतच होतो. दिवसरात्र तेच करत होतो. पण एका सकाळी घाटाच्या चढावर गाडी बंद पडली ती पडलीच, आणि थैली मी खांद्यावर टाकून दुपारी कळंबला चालत आणली. त्यानंतर हुकूम आला. मक्ता दुसऱ्याला.

दुसरा कोण, हे मला दाजींनीच येऊन सांगितलं. ओसरीवर बसले, पाणी प्याले, डोळे पुसले.

"भायेरचा कुणीतरी घेणारच व्हता. म्या म्हणलं, परक्याच्या दारात जाण्यापरीस घरातच ऱ्हाऊ दे. तुझी गाडी सुदरली की तूच घे परत. म्या काय, नावाला."

"पण गाडी?"

"ती गोठ्यातली. केली उभी कशीतरी. पुण्यास्नं एक कार्बोरेटर घावला."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना म्हणालो की तुम्ही होता म्हणून लाज राहिली. हे मी म्हणालो. माझ्याच तोंडानं.

मक्ता परत मिळवायचा तर गाडी ठणठणीत करायला हवी होती. पुठ्ठे आणि भोकाचे पैसे यांचा मला वीट आला होता. धाराशिवला एक लेथवाला होता, त्याच्याकडं गाडीच नेली आणि इंजिनाचं डोकं उतरवलं. पेट्रोल थोडंच उरलं होतं, ते मी जिवासारखं जपलं होतं. म्हटलं, आता कार्बोरेटरचे कान घासायचे नाहीत, इंजिनालाच कार्बोरेटरच्या मापाचं करायचं. लेथवाल्यानं मूळच्या दोन्ही खुंट्या काढल्या, त्यांची भोकं आटे पाडून लोखंडानं बुजवली आणि बार्शीच्या मापाप्रमाणं शेजारी नवी भोकं पाडून नव्या खुंट्या बसवल्या. मान आखूड केली, भांडं सरळ झालं. काम देखणं झालं. गाडी पहिल्या लाथेला सुरू झाली आणि मी तिथंच, त्याच्या दुकानापुढं, मोठ्यानं हसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला होता.

मुन्शींकडं गेलो तर ते म्हणाले, मुद्दत संपेपर्यंत मक्ता फिरवता येत नाही. मी म्हटलं, हरकत नाही, घरातच आहे.

मग एक दिवस आक्काचा निरोप आला. दाजी तापानं अंथरुणावर आहेत, पुतण्या थैली न्यायला तयार आहे पण गाडी सुरू होईना, तू लगेच ये. मी गेलो. दाजी आत घोंगडी पांघरून झोपले होते. गाडी अंगणात उभी होती. एरवी दाजी तिच्यावर बसून आले की भरधाव येत आणि भरधाव जात, आणि घरी तिच्यावर कायम पोतं टाकलेलं असे, त्यामुळं मी ती जवळून अशी कधी बघितलीच नव्हती. पोतं काढलं आणि गुडघ्यावर बसलो.

कार्बोरेटरच्या झाकणावर पितळेचा एक डाग होता. तो मीच घातला होता. गाडी घेतली त्या वर्षी झाकणाला बारीक चीर गेली होती, आणि मला तेव्हा डाग घालण्याची कला यायची नाही, त्यामुळं पितळ ओघळून त्याचा एक वेडावाकडा थेंब खाली लोंबत राहिला होता. आक्का तेव्हा म्हणाली होती, शेंबूड आलाय जणू तुझ्या गाडीला. तोच तो थेंब.

मला पहिल्यांदा राग आलाच नाही. मी बोटानं तो थेंब चाचपला. आक्का उंबऱ्यात उभी होती.

"आक्का, ह्यो माझा हाय."

तिनं त्या थेंबाकडं बघितलं.

"दाजी म्हणले बार्शीत टाकला. त्यांनी आणला व्हय? नाक्यावरनं कसा आणला?"

"त्यांनी न्हाय," ती म्हणाली. "म्या आणला."

मला कळेना.

"कमरंला बांधून आणला. लुगड्याच्या आत. मोटारीत दचकं बसायचं तर कमरंत घुसायचा. घरी येऊन बघितलं तर वळ उठलं व्हतं, काळंनिळं. म्हैनाभर कुशीवर झोपता येत नव्हतं मला." तिचा आवाज चढला. "आन तू म्हणतूस माझा हाय!"

तिनं हे असं सांगितलं की जणू अन्याय तिच्यावरच झाला होता. आणि तिला तसंच वाटत होतं, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. जे अंगावर आणलं ते आपलं, हा आमच्या मुलखाचा कायदा ती माझ्यापुढं ठेवत होती.

"तुला म्हाईत व्हतं, माझा मक्ता जाईल म्हणून?"

"तुझं काय रे, एकट्याचं पोट. हितं खाणारी तोंडं बघ की. आन तुला म्या कधी उपाशी ठिवलंय का?"

दाजींचं मला फारसं काही नाही. परक्या घरचा माणूस, त्यानं केसानं गळा कापला, कापला. त्यांना चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरलो असतो. पण आक्का भगवंताच्या दर्शनाला जाताना मी तिला नारळ दिला होता. तोच नारळ देवापुढं फोडून ती माझा कार्बोरेटर कमरेला बांधून परत आली. त्यानंतर किती वेळा मी तिच्या चुलीपुढं बसून चहा प्यालो, हात काळे, पाय सुजलेले, आणि ती मला विचारायची, आज लवकर सुरू झाली का रे? कशी विचारत होती ती? हे मला आजही समजत नाही, आणि समजून घ्यायची माझी तयारीही नाही.

मी पाना घेतला, दोन नट काढून खिशात टाकले, कार्बोरेटर उपसला आणि पिशवीत टाकला. ती अडवायला पुढं आली नाही. फक्त म्हणाली, "आजची थैली?" मी माझ्या गाडीला लाथ मारून निघालो. वाटेत मी गाडीवर बसून रडलो, आणि ते रडणं रागाचं होतं हे मी इथं सांगून ठेवतो.

घरी आल्यावर मी हातसुद्धा धुतले नाहीत. बार्शीचा कार्बोरेटर काढून अंगणात भिरकावला. माझा घेतला, पुसला, फुंकर मारली आणि इंजिनाला लावला. एक कान खुंटीवर गेला. दुसरा जाईना. उलटा करून बघितला, दाबून बघितला, आक्काच्या गाडीचे नट लावून आवळून बघितला. ज्वारीच्या दाण्याएवढी फट तशीच. मग लक्षात आलं. धाराशिवला मी स्वतः उभं राहून खुंट्या हलवून घेतल्या होत्या. पुन्हा भोकं पाडायला त्या डोक्यात आता जागा उरली नव्हती, लोखंड फुटलं असतं. माझ्याच गाडीला माझाच पार्ट बसत नव्हता. अंगणात पडलेला बार्शीचा उचलून आणला, माती झटकली आणि लावला. तो पहिल्या झटक्यात बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडीवान स्टेशनाकडं कडबा घेऊन निघाला होता. मी कार्बोरेटर स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि त्याच्या हाती दिला. आक्काच्या मुलांसाठी दिला असं मी लोकांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मनातून मला तिच्याकडून एक शब्द हवा होता. तो परत पाठवला हे बघून तिनं काहीतरी म्हणावं. चुकलं म्हणावं, नाहीतर शिवी द्यावी, नाहीतर नुसतं नाव घेऊन हाक मारल्यासारखं काही. दिवसभर मी ओसरीवर बसून राहिलो, आणि गाडीवानाचे बैल लांबून दिसले तेव्हा उठून रस्त्यावर आलो.

"दिलं का?"

"दिलं की. त्यांच्या हातातच दिलं."

"उघडून बघितलं?"

"व्हय, माझ्यापुढंच सोडलं फडकं. नीट उलटंसुलटं करून बघितलं."

"मग काय म्हणाली?"

गाडीवानानं जरा आठवून बघितलं.

"म्हणल्या, दोन नटं कमी हायत. तेवढी आजच पाठवून द्या म्हणल्या."